जळण नसलेला दिवा

(वार्षिक संमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर. वेळेअभावी बोलताना जे राहून गेले, ते येथे वाचकांसाठी घातले आहे.)



प्रथमच एक कबुली देतो. मी विज्ञानाचा पदवीधर नाही. बी.ए., बी.एड. आहे आणि इतिहास-भूगोल शिकवतो. आज गॅमा किरण फेकणाऱ्या ताऱ्यांविषयी बोलावयास उभा राहिलो, त्याचे कारण माझी विद्वत्ता नव्हे, तर माझ्या हातून झालेली एक चूक आहे.

विज्ञान प्रदर्शनासाठी आमच्या मुलांनी थर्माकोलचा एक गोळा केला, त्यात बल्ब बसवला आणि बटण दाबले की तो उघडझाप करी. खाली पाटी लावली, ‘पल्सार: मृत ताऱ्याचा लुकलुकणारा दिवा’. पाटीचा मजकूर माझाच होता. नववीतील एक मुलगी बराच वेळ त्या गोळ्यापुढे उभी राहिली आणि मग तिने विचारले, “सर, याला उजेड कशाचा?” मी म्हणालो, “ताऱ्यात इंधन जळते, त्याचा.” ती म्हणाली, “पण तारा मेला असे तुम्हीच लिहिले आहे. मेलेल्या ताऱ्यात जळण कुठून येणार?”

मजजवळ उत्तर नव्हते. मी म्हणालो, “ते पुढच्या वर्गात येईल.” आपण पालकही घरी हेच उत्तर देतो, फक्त शब्द वेगळे असतात. त्यानंतर कित्येक दिवस त्या मुलीने वर्गात हात वर केला नाही. ते मला लागले आणि मी शोधाला लागलो. जे हाती आले, ते आज आपल्यापुढे ठेवतो.

आधी ही वस्तू काय आहे ते पाहू. सूर्याहून पुष्कळ मोठा तारा इंधन संपले की स्वतःच्या वजनाने आत कोसळतो. बाहेरचे थर स्फोटाने उधळले जातात आणि मध्ये उरतो एक घट्ट गोळा. वजन सूर्याहून जास्त, पण व्यास जेमतेम वीस-पंचवीस किलोमीटर, म्हणजे एखाद्या तालुक्यात मावेल एवढा. त्यातील चमचाभर पदार्थाचे वजन शंभर कोटी टनांहून अधिक भरेल. हाच न्यूट्रॉन तारा. हात पसरून गिरकी घेणाऱ्या मुलाने हात जवळ घेतले की गिरकी वाढते. त्याच नियमाने आकसलेला हा गोळा भयंकर वेगाने फिरू लागतो. त्याचे चुंबकत्वही आकसून दाट होते. तरुण न्यूट्रॉन ताऱ्याचे चुंबकत्व पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या लक्ष कोटी पटींच्या घरात असते.

असा एक स्फोट माणसांनी डोळ्यांनी पाहिला आहे. तो कोठे झाला ते तुम्हालाही रात्री अंगणातून दाखवता येईल. हिवाळ्यात कृत्तिकांचा झुबका दिसतो. अरबीत त्याला सुरैया म्हणतात. हे नाव आपल्या किती घरांतील मुलींचे आहे! सुरैयाच्या मागून लालसर रोहिणी येते; अरबीत ती ‘अद्-दबरान’, म्हणजे मागून येणारा. इंग्रजांनी तोच शब्द घेऊन अल्डेबरान केले. रोहिणीच्या पुढे वृषभाच्या शिंगाचे टोक आहे. त्या टोकाजवळ ४ जुलै १०५४ रोजी चीनमधील लोकांना एक नवा तारा दिसला. तेवीस दिवस तो भर दिवसाही दिसत होता आणि रात्री जवळजवळ दोन वर्षे. बगदादचा एक ख्रिस्ती वैद्य इब्न बुतलान त्या काळात कॉन्स्टँटिनोपलला होता. हिजरी ४४६ मध्ये मिथुन राशीत एक विलक्षण तारा उगवला, अशी त्याची अरबी नोंद पुढे तेराव्या शतकातील इब्न अबी उसैबिआ याने आपल्या वैद्यचरित्रांच्या ग्रंथात जपून ठेवली. ही नोंद त्याच स्फोटाची असावी, याकडे १९७८ मध्ये अभ्यासकांनी जगाचे लक्ष वेधले. इब्न बुतलानने त्या ताऱ्याचा संबंध शहरातील साथीशी जोडला. तो समज चुकीचा होता. पण त्याने पाहिले आणि लिहून ठेवले, म्हणून नऊशे वर्षांनी त्याचा उपयोग झाला. त्या जागी आज धुराच्या ढगासारखा क्रॅब तेजोमेघ आहे आणि त्याच्या पोटात एक न्यूट्रॉन तारा सेकंदाला सुमारे तीस फेऱ्या घेत आहे.

आता ‘पल्सार’ हा शब्द. १९६७ मध्ये इंग्लंडात केंब्रिजला जोसलिन बेल नावाची एक विद्यार्थिनी खांब रोवून, तारा ताणून बांधलेल्या रेडिओ दुर्बिणीवर काम करीत होती. दुर्बीण बांधताना तिने स्वतः घण चालवला होता. कागदाच्या लांबच लांब पट्ट्यांवर उमटलेल्या रेघांत तिला एक बारीकशी खरड दिसली. दुसऱ्या कोणी ती सोडून दिली असती. तिने पाठपुरावा केला. दर १.३३ सेकंदाला एक, अशा ठोक्यासारख्या खुणा निघाल्या. पहिला पल्सार सापडला. १९७४ चे नोबेल पारितोषिक तिच्या मार्गदर्शकांच्या वाट्याला आले, तिच्या नव्हे. २०१८ मध्ये तिला तीस लाख डॉलरचे एक मोठे पारितोषिक मिळाले, ते तिने सगळेच्या सगळे होतकरू विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्यांसाठी देऊन टाकले. शिक्षणसंस्थेच्या व्यासपीठावर हे सांगावयास मला विशेष आनंद होतो.

हा तारा उघडझाप करीत नाही. आमच्या पाटीतील ही पहिली चूक. जुन्या रुग्णवाहिकेवरचा दिवा आठवा. आतला बल्ब सतत पेटलेला असे, झोत गोल फिरे, आणि आपल्याकडे झोत वळला की डोळ्यांवर चमक येई. पल्सार तसाच. आकाशगंगेत असे किती तारे झोत दुसरीकडे फिरवत असतील! ते आपल्याला कधीच दिसणार नाहीत.

पण मुलीचा प्रश्न उरलाच. झोत फिरतो हे ठीक, बल्ब पेटतो कशावर?

याचे उत्तर मला पुस्तकात सापडण्यापूर्वी एका माणसाच्या तोंडून मिळाले. त्या मुलीचे वडील एका कामासाठी शाळेत आले होते. ते आपल्याच भागात आठवडी बाजार करतात. आज या गावचा बाजार, उद्या त्या गावचा. कटलरीचे सामान, बांगड्या, कंगवे. कित्येक वर्षे हा धंदा त्यांनी सायकलवर केला. बोलता बोलता मी त्यांना मुलीचा प्रश्न सांगितला. मनात होते की ते हसतील. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “सर, सायकलच्या दिव्यात तरी कुठे तेल असते? डायनामो टायरला टेकवला की दिवा लागतो. पण मग सायकल जड जाते. रात्री बाजाराहून येताना चांदणे असले की आम्ही डायनामो वर करून ठेवायचो. दिवा फुकट पेटत नाही, पायांतून काढून घेतो.”

बंधूंनो, पुढे मी जे वाचले त्याचा गाभा एवढाच होता. डायनामोत चुंबक आणि तारेचे वेटोळे असते. त्यातले एक दुसऱ्याजवळ फिरले की वीज निर्माण होते. न्यूट्रॉन तारा हा स्वतःच अतिप्रचंड चुंबक, आणि तो फिरतो आहे. त्यामुळे त्याच्याभोवती इतका जबरदस्त विद्युत दाब तयार होतो की विद्युतभारित कण, मुख्यतः इलेक्ट्रॉन, जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने ढकलले जातात. चुंबकीय रेषा वाकड्या असतात. इलेक्ट्रॉनांना त्या वाकणावरून जावे लागते, आणि वाकणावरून धावणारा इलेक्ट्रॉन आपली ऊर्जा गॅमा किरणांच्या रूपाने फेकतो. ताऱ्यात काही जळत नाही. खर्च होते ती गिरकी.

आणि हा खर्च मोजता येतो. क्रॅबमधील ताऱ्याची गिरकी रोज मंदावते आहे. प्रत्येक फेरीला काल लागला त्याहून आज एका सेकंदाच्या शंभर कोटी भागांपैकी सुमारे अडतीस भाग वेळ अधिक लागतो. ऐकावयास काहीच नाही. पण एवढ्या जड भोवऱ्याची एवढी गती कमी होणे म्हणजे जवळजवळ एक लाख सूर्यांच्या तेजाइतकी ऊर्जा दर क्षणी बाहेर पडणे होय. तो सारा तेजोमेघ या हिशेबावर उजळलेला आहे. सायकल जड जाते ती अशी.

गॅमा किरण म्हणजे प्रकाशच, पण आपल्या डोळ्यांच्या पलीकडचा. आपला भाग खारपाणपट्ट्यातला. विहिरीत डोकावून पाणी खारे की गोडे हे कोणाला कळते? चव घ्यावी लागते. तसे या प्रकाशाचे आहे, त्याला वेगळी जीभ हवी. कर्करोगाच्या रुग्णांना कोबाल्टचे शेक देत, ते गॅमा किरणच. पल्सारकडून येणाऱ्या गॅमा किरणांचा एकेक कण त्याहूनही शेकडो पट जोरकस असतो आणि आपण पाहतो त्या उजेडाच्या कणाच्या कोट्यवधी पट. सुदैवाने आपल्या डोक्यावरची हवा ते अडवते. जमिनीपर्यंत ते पोचत नाहीत.

म्हणून त्यांना पकडण्याच्या दोन वाटा. एक, हवेच्या वर जाणे. ११ जून २००८ रोजी अमेरिकेने फर्मी नावाची दुर्बीण अवकाशात सोडली. दुसरी वाट आपल्या लोकांनी फार पूर्वी धरली. गॅमा कण हवेवर आदळला की कणांचा फवारा उडतो आणि सेकंदाच्या काही अब्जांश भागापुरती एक निळसर चमक खाली येते. अमावास्येच्या काळोखात आरसे लावून ती टिपावयाची. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी आधी उटीला आणि नंतर पचमढीला हे काम केले. क्रॅबमधील तारा हे त्यांचे एक मुख्य लक्ष्य होते. पचमढीच्या माळावर पंचवीस दुर्बिणी होत्या, प्रत्येकीला सात आरसे. आपल्या गावातून उत्तरेला जो सातपुडा दिसतो, तोच डोंगर पूर्वेकडे धरून गेले की पचमढी येते. हे कळल्यापासून मला त्या डोंगराकडे पाहताना थोडे वेगळे वाटते. आता हे काम लडाखमध्ये हानले येथे चालते. तेथे भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेल्या, एकवीस मीटर व्यासाच्या ‘मेस’ दुर्बिणीचे उद्घाटन ऑक्टोबर २०२४ मध्ये झाले.

पण मला सर्वांत अधिक मोह पडला तो खोडदचा. पुणे जिल्ह्यात जुन्नर तालुक्यात, नारायणगावाजवळ हे गाव आहे. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून तेथे तीस प्रचंड तबकड्या उभ्या राहिल्या, प्रत्येकीचा व्यास पंचेचाळीस मीटर. चौदा जवळजवळ आणि बाकीच्या सोळा तीन दिशांना कित्येक किलोमीटर पसरलेल्या. ४ ऑक्टोबर २००१ रोजी ही दुर्बीण राष्ट्राला अर्पण झाली. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला तेथे प्रदर्शन असते, तेव्हा मी एसटी बदलत बदलत जाऊन आलो. जवळ गेलो आणि थक्क झालो. तबकडी भरीव नाही! पोलादी तारांची जाळी, पलीकडचे आभाळ दिसते. वारा त्यातून निघून जातो, म्हणून सांगाडा हलका आणि स्वस्त होतो. रेडिओ लहरींची लांबी हाता-दोन हाताची, त्या या भोकांतून गळत नाहीत. चाळणीतून पीठ पडते, कोंडा राहतो, तसेच. आत शिरताना मोबाइल बंद करावयास सांगतात. आकाशातून येणारी कुजबुज इतकी बारीक असते की आपल्या खिशातले यंत्र तिला बुडवून टाकते.

आता तुम्ही विचाराल, खोडद रेडिओ लहरी ऐकते. गॅमा किरणांशी तिचा काय संबंध? हाच या भाषणातला सर्वांत सुंदर भाग, म्हणून जरा सावकाश सांगतो.

फर्मीने आकाशाचा नकाशा काढला, तेव्हा गॅमा किरणांचे शेकडो ठिपके असे निघाले की तेथे काय आहे ते कोणालाच माहीत नव्हते. पल्सार असेल तर ठोके सापडले पाहिजेत. पण अंधुक ठिपक्याकडून गॅमा कण येतात ते तुरळक. एक आता, दुसरा कितीतरी वेळाने. मधल्या काळात तारा लाखो फेऱ्या मारून मोकळा. अशा विस्कळीत थेंबांतून ताल कसा ओळखावयाचा?

येथे पुन्हा मला त्या बाजारकरी गृहस्थांची आठवण होते. समजा, त्यांच्या एखाद्या विशिष्ट मालाची विक्री एकाच गावच्या बाजारात होते, तीही दर आठवड्याला नव्हे, कधीमधी. वर्षभरातल्या त्या तारखा एका ओळीत लिहून काढल्या तर नुसता गोंधळ दिसेल. पण भिंतीवरच्या दिनदर्शिकेत त्या तारखांवर खुणा करा. दिनदर्शिका आठवड्याप्रमाणे सात-सात दिवसांची मोडून छापलेली असते. सगळ्या खुणा एकाच वाराच्या रांगेत पडतील. आता कोणी आठवडा सहा दिवसांचा धरून दिनदर्शिका छापली तर? खुणा सगळीकडे विखुरतील. म्हणजे तुरळक खुणांतून ताल दिसतो, पण आठवडा किती दिवसांचा ते आधी अचूक ठाऊक पाहिजे.

खोडदची दुर्बीण तो आठवडा सांगते. रेडिओ लहरींत ताऱ्याचे ठोके ऐकू येतात, त्यावरून फेरीचा काळ कळतो. पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातील डॉ. भास्वती भट्टाचार्य, डॉ. जयंत रॉय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फर्मीचे अनोळखी ठिपके घेऊन खोडदच्या दुर्बिणीने ते धुंडाळले. २०१३ मध्ये त्यांनी जाहीर केलेला एक तारा, पीएसआर जे १५४४+४९३७, फेरी पूर्ण करतो २.१६ मिलिसेकंदांत. सेकंदाला सुमारे ४६३ फेऱ्या! एका दिवसात चार कोटी. त्याच्या विषुववृत्तावरचा दगड, दगड म्हणता आला तर, प्रकाशाच्या वेगाच्या दहाव्या भागाने धावत असेल. रेडिओवरून मिळालेला हा ‘आठवडा’ घेऊन फर्मीने टिपलेले गॅमा कण रांगांत मांडले, आणि खुणा एका जागी गोळा झाल्या. ठिपक्याची ओळख पटली. त्याचा ताल सांगितला तो टोमॅटोच्या बाजारासाठी प्रसिद्ध असलेल्या नारायणगावच्या शेजारच्या माळाने.

इतका वेग त्याला जन्मापासून नव्हता. हे तारे म्हातारे असतात. गिरकी मंदावून दिवा विझल्यावर जोडीदार ताऱ्याचा पदार्थ त्यांच्यावर कोसळतो आणि थांबत आलेल्या चाकाला हाताने फटका मारावा तसा वेग पुन्हा चढवतो. बरे, जोडीदाराच्या वाट्याला काय येते? या ताऱ्याचा जोडीदार सूर्याच्या साठाव्या भागाएवढाच उरला असावा. तो दर २.९ तासांनी एक प्रदक्षिणा करतो, आणि पल्सारच्या माऱ्याने त्याच्यातून निघणारा वायू मध्ये आला की खोडदला ऐकू येणारे ठोके काही काळ बंद होतात. ज्याने पुन्हा जिवंत केले त्यालाच भाजून काढणाऱ्या अशा पल्सारांना शास्त्रज्ञांनी एका विषारी कोळिणीचे नाव दिले आहे. तुम्ही म्हणाल, माणसांतही असे असते. असो.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फर्मीच्या यादीत गॅमा किरण देणारे २९४ पल्सार आहेत. त्यांपैकी जवळजवळ निम्मे हे असे अतिवेगवान म्हातारे. फर्मी जाण्यापूर्वी असे पल्सार हाताच्या बोटांवर मोजण्याइतके माहीत होते. काहींचे रेडिओ ठोके ऐकूच येत नाहीत, केवळ गॅमा किरण येतात, कारण दोन्ही झोत एकाच जागेवरून निघत नाहीत. गॅमा किरण ताऱ्याच्या पृष्ठभागापासून पुष्कळ वर निघतात, एवढे आता ठरल्यासारखे आहे. ताऱ्याबरोबर फिरणाऱ्या चुंबकीय रेषांना बाहेरच्या कडेला अधिक वेगाने फिरावे लागते. एका अंतरावर त्यांना प्रकाशाच्या वेगाने फिरावे लागेल, आणि तेथून पुढे त्या ताऱ्याला बांधून राहू शकत नाहीत. क्रॅबसाठी हे अंतर सुमारे १,६०० किलोमीटर, खोडदच्या ताऱ्यासाठी जेमतेम १०३. किरण नेमके या कडेच्या आत निघतात की बाहेर, यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. आमच्या वर्गातील मुलांना हे ऐकून फार बरे वाटले. मोठ्यांचेही उत्तर ठरलेले नाही म्हणजे आपण विचारावयास हरकत नाही, असा त्यांचा हिशेब.

यंदा आम्ही ती जुनी पाटी काढून टाकली. वर्गापुढे मी सांगितले की मी दिलेले उत्तर चूक होते आणि पुढच्या वर्गावर ढकलणे ही त्याहून मोठी चूक होती. मुलीने घरातली जुनी सायकल आणली. वडिलांकडे आता मोटारसायकल आहे, सायकल भिंतीला टेकून होती. ती उलटी करून सीट-हँडलवर उभी केली आहे. डायनामो तोच, बाजारच्या वाटेवरचा. हाताने पायडल मारून चाक जोरात फिरवावयाचे आणि सोडून द्यावयाचे. डायनामो वर केला असता चाक किती वेळ फिरते आणि टायरला टेकवून दिवा लावला असता किती वेळ, हे तिने घड्याळ लावून पुन्हा पुन्हा मोजले आहे आणि वहीत दोन रकाने पाडून लिहिले आहे. दिवा लागला की चाक लवकर थांबते.

सायकल बाहेर व्हरांड्यात उजव्या हाताला ठेवली आहे. चाक फिरवून दाखवण्याचे काम तिच्या वडिलांनी आपणहून घेतले आहे, आणि वहीही तेथेच टेबलावर आहे.